प्रोमोतोरा : अमेरिकेतील लॅटिनो कुटुंबांची आरोग्यसखी

रुग्णपरीक्षेत प्रकृती, सार, संहनन यांच्या जोडीने सात्म्याचीही परीक्षा करावी, अशी आपल्या शास्त्रकारांची आज्ञा आहे. देशसात्म्य, ओकसात्म्य हे शब्द आपण सर्वांनी पदवी परीक्षेसाठी पाठ केलेले असतात. तथापि प्रत्यक्ष चिकित्सेत सात्म्याचा विचार बहुधा आहारापुरता, आणि तोही भात सोसतो की भाकरी एवढ्यावरच थांबतो. रुग्ण आपल्या व्याधीस कोणत्या नावाने ओळखतो, त्याच्या घरी औषधाचा निर्णय कोण घेते, कोणाच्या शब्दावर त्या घराचा विश्वास बसतो, हाही सात्म्यविचाराचाच भाग मानला पाहिजे, असे आमचे मत आहे. हा विचार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्पॅनिश भाषक कुटुंबांसाठी चालणाऱ्या आरोग्य उपक्रमांत फार बारकाईने झालेला आढळतो. आयुर्वेदाची पदवी घेऊन विवाहानंतर वा उच्च शिक्षणासाठी तिकडे गेलेले आपले अनेक तरुण बंधू-भगिनी समाजसेवेच्या क्षेत्रात आपल्याला काय करता येईल, अशी विचारणा आमच्याकडे वारंवार करतात. त्या निमित्ताने या विषयाचा काही परिचय वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या २०२० सालच्या जनगणनेनुसार तेथील लॅटिनो अथवा हिस्पॅनिक लोकांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के इतकी होती. त्यांत मेक्सिकन वंशाचे लोक सर्वाधिक. त्याखेरीज पोर्तो रिको, क्युबा, एल साल्वादोर, ग्वातेमाला इत्यादी ठिकाणांहून आलेली कुटुंबे. या सर्वांना एकच नाव दिले जात असले, तरी त्यांचे ताट एक नाही आणि बोलीही एक नाही. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या माया भाषक मजुरास स्पॅनिश हीदेखील परकीच भाषा वाटते. शिवाय हे सारे कालपरवा आलेले लोक आहेत, असा समजही बरोबर नाही. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा फार मोठा प्रदेश अमेरिकेकडे गेला. न्यू मेक्सिको किंवा दक्षिण टेक्सास येथील कित्येक घराणी जागची हलली नाहीत, सरहद्दच त्यांच्यावरून पुढे सरकली.

घरातील वैद्यक

या कुटुंबांत परंपरेने चालत आलेल्या उपचारपद्धतीस ‘कुरांदेरिस्मो’ असे नाव आहे. ती जाणणारी स्त्री ती कुरांदेरा. वनस्पतींची जाणकार ती येर्बेरा, अंग चोळून देणारी ती सोबादोरा, सुईण ती पार्तेरा, आणि हाडवैद्य तो उएसेरो. आपल्याकडील जुन्या गावगाड्यात ही सर्व माणसे निराळ्या नावांनी नांदत होतीच.

त्यांच्या व्याधींची नावे ऐकताना तर वैद्याचे कुतूहल विशेष जागे होते. ‘एम्पाचो’ म्हणजे खाल्लेले अन्न कोठ्यात चिकटून बसणे. पोट फुगते, दुखते, भूक मरते, मूल किरकिरते. अजीर्ण आणि आम यांचे आपण जे वर्णन करतो, त्याच्या हे किती जवळचे आहे! ‘माल दे ओहो’ म्हणजे दृष्ट लागणे. ती मीठ-मोहऱ्यांऐवजी कोंबडीचे अंडे अंगावरून फिरवून काढतात. ‘सुस्तो’ म्हणजे मोठ्या भयाने अंगातील जीव जणू निघून जाणे, आणि त्यानंतर येणारी निद्रानाश, अरुची, ग्लानी ही लक्षणे. ‘काईदा दे मोयेरा’ म्हणजे तान्ह्या मुलाची टाळू खोल जाणे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातील तालुकंटक येथे कोणासही आठवेल.

उष्ण आणि शीत हा भेद तर त्यांच्या स्वयंपाकघरात पदोपदी दिसतो. येथे उष्ण म्हणजे हातास लागणारी उष्णता नव्हे, तर द्रव्याचा गुण, हे वैद्यांस निराळे सांगणे नको. गर्भिणी उष्ण अवस्थेत असते आणि प्रसूतीनंतर शरीर शीत होते, अशी त्यांची धारणा आहे. म्हणून बाळंतिणीस ‘कुआरेन्तेना’ पाळावयास लावतात. कुआरेन्तेना म्हणजे चाळीस दिवसांचा विश्राम. या काळात कोंबडीचा गरम रस्सा, शीत मानलेल्या पदार्थांचे वर्जन, गार वाऱ्यापासून बचाव, पोटास ‘फाहा’ नावाचा पट्टा, आणि घरची कामे आई, सासू, बहिणी यांनी वाटून घेणे, असा क्रम असतो. आपल्याकडील बाळंतिणीचा सव्वा महिना, पोटपट्टा, शेकशेगडी, आणि ग्रंथांतील दीड मासाची सूतिकापरिचर्या यांच्या शेजारी हे ठेवून पाहावे.

या साम्यावरून कोणी लगेच असे अनुमान काढू नये की हे सारे आपल्याकडूनच तिकडे गेले. असा मोह आपल्या व्यासपीठांवर बरेचदा होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. उष्ण-शीत विचार स्पॅनिश लोकांनी ग्रीक-अरबी वैद्यकातून मेक्सिकोत नेला, असे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज फोस्टर यांचे प्रतिपादन होते. तो तेथील मूळ रहिवाशांचाच आहे, असे मेक्सिकन इतिहासकार आल्फ्रेदो लोपेस आउस्तिन यांनी मांडले. या वादात आपला संबंध नाही. आदानप्रदान झाले ते उलट दिशेने. मिरची, पेरू, सीताफळ, चिकू, पपई आणि शेताच्या बांधावरचा फड्या निवडुंग ही सारी अमेरिका खंडाकडून आपल्याकडे आली.

मधली व्यक्ती

अशा घरातील माता आजारी मूल घेऊन सरकारी दवाखान्यात जाते आणि याला एम्पाचो झाला आहे असे सांगते. समोरच्या तरुण डॉक्टरास हा शब्द ठाऊक नसतो, किंवा ठाऊक असल्यास तो हसतो. पुढील वेळी माता तो शब्द उच्चारीत नाही. घरी काय दिले हेही सांगत नाही. येथे भाषेचा दुभाषी पुरा पडत नाही, कारण दुभाषी शब्दास शब्द देतो, आणि एम्पाचोस तिकडील ग्रंथांत शब्दच नाही.

ही उणीव भरून काढणारी व्यक्ती म्हणजे ‘प्रोमोतोरा दे सालुद’. ती त्याच वस्तीत राहणारी, त्याच भाषेची, बहुधा स्वतः आई असलेली स्त्री असते. ती डॉक्टर नसते, परिचारिकाही नसते. लॅटिन अमेरिकेतील ग्रामीण आरोग्यकार्यात घडलेली ही भूमिका १९६० च्या दशकापासून अमेरिकेतील शेतमजुरांच्या वस्त्यांत रुजू लागली. स्थलांतरित मजुरांच्या आरोग्यासंबंधीचा तेथील केंद्रीय कायदा १९६२ चा आहे. १९७८ च्या आल्मा आता घोषणापत्राने प्राथमिक आरोग्यसेवेत समाजातील आरोग्यसेवक आणि पारंपरिक चिकित्सक या दोहोंचा उल्लेख केला. त्याच्याही आठ वर्षे आधी डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे आपले काम सुरू केले होते आणि गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले, हे महाराष्ट्रातील वाचकांस ठाऊकच आहे. २००५ नंतर आलेली आपली ‘आशा’ ही प्रोमोतोराची सख्खी बहीण नसली, तरी चुलत बहीण खचितच होय.

तिचे काम आपुलकीवर चालते, परंतु ती केवळ आपुलकीची बाब राहिलेली नाही. टेक्सास राज्याने १९९९ मध्ये या सेविकांसंबंधी कायदा करून पुढे प्रमाणपत्राची व्यवस्था लावली. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत १६० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, अथवा पुरेसा अनुभव दाखवावा लागतो. २०१० पासून अमेरिकेच्या शासकीय व्यवसायसूचीत सामुदायिक आरोग्यसेवक हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून नोंदला जातो, आणि २०२३ मध्ये अशा नोकऱ्यांची संख्या साठ हजारांहून अधिक होती. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२२ पासून गरिबांच्या शासकीय आरोग्यविम्यातून या सेवेचे पैसे मिळू लागले. तोवर बहुतेक पदे अनुदानावर चालत. अनुदान संपले की पद संपे, आणि वस्तीने जिच्यावर विश्वास टाकला ती बाई दुसऱ्या दिवशी कोठे तरी झाडलोटीच्या कामास लागे. आपल्याकडे मोबदल्यासाठी संपावर जाणाऱ्या आशाताईंना ही कथा नवी वाटणार नाही.

विश्वास म्हणजे ‘कॉन्फियान्सा’, आदर म्हणजे ‘रेस्पेतो’, आणि कुटुंबनिष्ठा म्हणजे ‘फामिलिस्मो’ हे तीन शब्द या क्षेत्रातील प्रत्येक प्रशिक्षणात भेटतात. त्यांचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. मधुमेही स्त्रीस एकटीला बोलावून आहाराचा तक्ता हाती देऊ नये. तिच्या घरी जावे, सासूशी आणि नवऱ्याशी बोलावे, चुलीपाशी बसावे. मक्याची तोर्तिया बंद करा असे सांगितल्यास ती स्त्री पुन्हा येणार नाही. किती खावी, डुकराच्या चरबीऐवजी घेवड्याची उसळ कशात परतावी, निवडुंगाची कोवळी पाने जेवणात कशी वाढवावी, हे सांगितल्यास ती ऐकते. भाकरीच्या प्रदेशात चिकित्सा करणाऱ्या वैद्यास हे उमगण्यास वेळ लागू नये.

या मार्गाने गुण येतो काय? दक्षिण टेक्सासमधील स्टार परगण्यात शॅरन ब्राउन व सहकाऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या २५६ मधुमेही व्यक्तींवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्पॅनिश बोलणाऱ्या, त्याच समाजातील परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि सेविका यांनी वर्षभरात ५२ तास शिकवण व गटचर्चा केली. सहा महिन्यांनी या गटाचे एचबीएवनसी हे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा सरासरी १.४ अंकांनी कमी झाले. तरीही ते दहाच्या वरच होते, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. आम्हांस हा अभ्यास प्रामाणिक वाटतो तो याचसाठी. वर्षभराच्या श्रमांनी मधुमेह पळाला नाही. उतार मात्र पडला, आणि तोही अशा वस्तीत जेथे औषध, व्यायामास जागा व वेळ या तिन्हींची वाण आहे.

मनाच्या आरोग्याच्या बाबतीत सॅन फ्रान्सिस्को येथील इन्स्तितुतो फामिलियार दे ला रासा या १९७८ पासून कार्यरत संस्थेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथे समुपदेशनाच्या जोडीने पारंपरिक विधी, सण आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकी यांना स्थान आहे. संस्कृतीच उपचार करते, अशा आशयाचे एक स्पॅनिश वचन या कार्यकर्त्यांच्या तोंडी नेहमी असते.

शेंदूर आणि मुरदाडशिंग

या वचनाशी आमचा विरोध नाही. परंतु ते अपुरे आहे. एम्पाचोवर पोट चोळणे, मान्सानिया म्हणजे बाबूना या फुलांचा काढा देणे हे उपचार बव्हंशी निरुपद्रवी होत. परंतु काही घरांत त्यावर दोन चूर्णे दिली जात. एक नारिंगी-तांबडे, ‘आसारकोन’. दुसरे पिवळसर, ‘ग्रेता’. १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात काही बालकांना नागविषबाधा झाल्याचे आढळले. शोध घेता असे दिसले की आसारकोन म्हणजे आपला शेंदूर, आणि ग्रेता म्हणजे मुरदाडशिंग, अर्थात शिशाची संयुगे. त्यांत शिशाचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत असू शकते. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रॉटर यांनी या चूर्णांच्या वापराचे सर्वेक्षण करून ते १९८५ मध्ये प्रसिद्ध केले.

यातील दारुण भाग असा की शिशाच्या विषबाधेने पोटात शूळ उठतो, मलावष्टंभ होतो, वांती होते, भूक जाते. म्हणजे पुन्हा एम्पाचोचीच लक्षणे. माता घाबरते आणि आणखी एक चिमूट देते.

ही हकीकत वाचून तिकडील अडाणीपणाबद्दल हळहळण्याचा अधिकार आपणांस नाही. मृद्दारशृंग साधारण रसांत गणले आहे, हे रसशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई बनावटीच्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक हे जड धातू आढळले. त्यानंतर भारत शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी सक्तीची केली. त्या वेळी आपल्या सभांतून या अहवालाचा बराच निषेध झाला. शोधन-मारणाचे विधी संशोधकांनी लक्षात घेतले नाहीत, हा आक्षेप रास्त होता. परंतु दुकानातून डबी विकत घेणाऱ्या मातेस त्या डबीतील भस्म शास्त्रोक्त झाले आहे किंवा नाही हे कसे कळावे, या प्रश्नाचे उत्तर निषेधाच्या ठरावांत नव्हते.

प्रोमोतोरेने मात्र हा प्रश्न सोडविण्याची एक रीत बसविली आहे. ती एम्पाचो नाहीच असे म्हणत नाही. पोट चोळा, काढा द्या, आजीस बसू द्या. ती पूड तेवढी मला दाखवा, आणि उद्या मुलाचे रक्त तपासून घेऊ, असे ती सांगते. टाळू खोल गेलेल्या बालकाच्या बाबतीतही तसेच. ही लक्षणे जलक्षयाची होत. अतिसाराने मूल सुकलेले असते. परंपरेत अशा मुलास पाय धरून उलटे करतात, तळव्यांवर थापट्या मारतात, तोंडात बोट घालून टाळा वर ढकलतात. यांत इजा होण्याचा धोका आहे आणि मोलाचा वेळही जातो. प्रोमोतोरा मोयेरा हाच शब्द वापरते, परंतु लगेच मीठ-साखरेचे पाणी पाजू लागते आणि मुलास दवाखान्यात नेते. व्याधीचे नाव घरचे ठेवावे आणि उपचार पारखून घ्यावा, असा हा विवेक आहे. नाव पुसले तर माता बोलेनाशी होते, आणि उपचार पारखला नाही तर मूल दगावते.

आपल्या पदवीधरांसाठी

या प्रदेशाशी मराठी वैद्यकाचा एक जुना धागाही आहे. पुणे विद्यापीठाचे पदवीधर वैद्य वसंत लाड यांनी १९८४ मध्ये न्यू मेक्सिकोत आयुर्वेदिक इन्स्टिट्यूटची स्थापना केली; ही संस्था दीर्घकाळ अल्बुकर्की येथे होती, पुढे ती उत्तर कॅरोलिनातील अॅशव्हिल येथे गेली. लाड आणि डेव्हिड फ्रॉली यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात पाश्चात्त्य वनस्पतींचा रस, वीर्य, विपाक या अंगांनी विचार केला. त्याच अल्बुकर्कीतील विद्यापीठात कुरांदेरिस्मोचा उन्हाळी वर्ग अनेक वर्षे भरत आला आहे, आणि त्याच नगरात एलेना आविला या मनोरुग्ण परिचारिकेने कुरांदेरा म्हणूनही काम केले. त्यांचे आत्मकथनपर पुस्तक १९९९ चे आहे. न्यू मेक्सिकोने २००९ मध्ये परवाना नसलेल्या पारंपरिक चिकित्सकांसाठी कायदा केला. त्यातील यादीत आयुर्वेद आहे आणि लगेच पुढे कुरांदेरा, सोबादोरा, पार्तेरा यांची नावे आहेत. आपली साडेपाच वर्षांची पदवी त्या पंगतीत बसलेली पाहून कोणास वैषम्य वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. तिकडील कायद्याने आपले खरे स्थान काय, हे त्या यादीवरून स्पष्ट कळते.

कारण अमेरिकेतील कोणतेही राज्य आयुर्वेद चिकित्सेचा वैद्यकीय परवाना देत नाही. बीएएमएस पदवीवर तेथे निदान करणे, औषधपत्र लिहिणे, डॉक्टर म्हणून पाटी लावणे यांपैकी काहीही करू नये. कोणी परिचित तसे करीत असल्यास त्याचे अनुकरणही करू नये. समाजसेवेचे मार्ग मात्र मोकळे आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांस आपले अनेक पदवीधर प्रवेश मिळवितात. पुढे आरोग्यशिक्षण, माता-बाल उपक्रम, मधुमेह-प्रतिबंध या कामांत जागा मिळू शकतात. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी हा दुसरा मार्ग. पतीच्या व्हिसावर गेलेल्या भगिनींनी काम करण्याचा परवाना आपणांस लागू होतो किंवा नाही, हे आधी पाहावे. २०१५ पासून तो काहींनाच मिळतो.

आणखी एक सूचना थोडी कडू आहे. लॅटिनो वस्तीत जाऊन त्यांना अश्वगंधा आणि त्रिफळा शिकविणे म्हणजे संस्कृतीवर आधारित आरोग्यकार्य नव्हे. त्यांची मान्सानिया, त्यांचा रस्सा, त्यांचे चाळीस दिवस ही त्यांची सामग्री आहे, आणि ती त्यांच्यापाशी पुरेशी आहे. वैद्याचा उपयोग असा की गुणांच्या भाषेत विचार करण्याची त्यास सवय असते. उष्ण-शीत ऐकून तो हसणार नाही, आणि बाळंतिणीस गार पाणी का नको, हे तिच्या सासूस पुन्हा विचारावे लागणार नाही. प्रोमोतोरेची जागा मात्र त्याने घेऊ नये. ती त्याच वस्तीतील बाईची आहे.

तिच्या जागेचे महत्त्व अलीकडे अधिकच जाणवू लागले आहे. शासकीय मदत घेणाऱ्या स्थलांतरितांस कायम वास्तव्य नाकारण्याची तरतूद २०१९ मध्ये कडक झाली, तेव्हा पात्र असलेल्या कुटुंबांनीही मुलांचा आरोग्यविमा सोडला. ती तरतूद २०२१ मध्ये रद्द झाली, परंतु भीती राहिली. जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालये, शाळा व चर्च येथे स्थलांतरितांची धरपकड टाळण्याचे जुने धोरणही मागे घेण्यात आले. दवाखान्याची पायरी चढण्यास जो घाबरतो, त्याच्यापर्यंत औषध नेणारी शेजारीणच असते.

ज्यांना या कामाकडे वळावयाचे आहे, त्यांनी जाण्यापूर्वीच स्पॅनिश शिकण्यास आरंभ करावा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात तिचे वर्ग चालतात. मराठी मनुष्यास त्या भाषेतील एक गोष्ट लवकर उमजते. इंग्रजीत सर्वांस एकच ‘यू’; स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ असे दोन शब्द आहेत, आणि त्यांतील पहिला तर उच्चारानेही आपलाच. साठीच्या बाईंच्या घरी पहिल्या भेटीस गेल्यावर उस्तेद म्हणावे, दिलेला कॉफीचा पेला नाकारू नये, आणि टाळूचा विषय त्यांनीच काढेपर्यंत थांबावे.